हाळी न देता

साहेब, तुम्ही हाळी दिली नाहीत. बाकीचं सगळं नंतर. तुमचं ते पदक, तुमचा लांब नळीचा जर्मन कॅमेरा, भिंगावर फुंकर मारून ते कातड्यानं पुसायची तुमची रीत, कंपनीच्या पार्टीत हातात ग्लास धरून ‘फोटोग्राफी म्हणजे संयम’ असं जे तुम्ही ऐकवलंत ते, सगळं नंतर. आधी एवढंच, की तुम्ही आमच्या खाडीवर आलात, पाहिलंत, खटका दाबलात, निघून गेलात, आणि हाळी दिली नाहीत. तुम्ही म्हणाल, हाळी म्हणजे काय, मला कुणी सांगितलं नव्हतं. बरोबर आहे. तुम्ही विचारलं होतंत कुणाला?

वेसाव्याच्या खाडीला ओहोटी लागली की बाया चिखलात उतरतात. शिवल्या, कालवं, निवट्या, हाताला येईल ते. चिखल मांडीपर्यंत. त्यात लुगडं पायांवर खाली सोडून चालता येत नाही. चिखल कापड धरतो आणि धरलं की सोडत नाही. म्हणून बाया लुगडं वर, पार वर खोचतात, पदर काढून कंबरेला गुंडाळतात आणि वाकतात. खाडी कुणाच्या बापाची नाही. बांधावरची वाट सगळ्यांची आहे. पण आमच्यातला पुरुष बांधाच्या वळणाअलीकडे थांबतो आणि हाळी देतो. होऽऽ. बस, एवढंच. खालून एखादी बाई ‘येऽऽ’ म्हणाली की मग पाय उचलायचा. मधल्या वेळात खाली काय होतं ते आम्ही कुणी पाहिलेलं नाही; आम्ही पोचतो तेव्हा पदर खांद्यावर असतात आणि हसणं चालू असतं. उत्तर आलं नाही तर उभं राहायचं. मी लहान असताना एकदा बा असाच उभा राहिला होता. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली माती, माझे तळवे भाजत होते. मी म्हटलं, ‘बा, त्यांना ऐकू नसंल गेलं, चल ना.’ बा म्हणाला, ‘ऐकू गेलं का नाय ते त्या ठरवतील. तू गप उभा ऱ्हा.’ एवढा धिप्पाड माणूस, वादळात होडी काढणारा, आणि तो बायकांच्या एका आवाजासाठी खांबासारखा उभा. मला तेव्हा त्याची लाज वाटली होती. लाजेचं हे असंच असतं. ती आधी चुकीच्या घरी जाते.

जानेवारीत धोंडू शिपायानं डिस्पॅचमध्ये कॅलेंडरांचा गठ्ठा आणून टाकला. कुर्ला रोडवरच्या आपल्या या स्क्रू-खिळ्यांच्या कंपनीत कॅलेंडर हा एक सणच असतो. गिल्बर्टनं दोरी तोडली आणि एक उलगडून टेबलावर धरलं. गिल्बर्ट मरोळ गावचा, माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. वर आपला कोंबडा, कंपनीचा छाप. मध्ये भलामोठा रंगीत फोटो. चिखल, ओलं ऊन, आणि त्यात वाकलेली एक बाई. खाली इंग्रजीत छापलेलं, म्हणजे दर्याची लेक असं काहीतरी, आणि त्याखाली बारीक अक्षरात तुमचं नाव. सगळे भोवती जमले. कुणीतरी शीळ घातली. धोंडू म्हणाला, ‘अरे बाप रे, साहेब एकदम झकास माल आणतो हां.’ हशा झाला. आणि मी पाहिलं. हे मला सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला शिव्या द्यायचा मला काय अधिकार? मी ओळखण्याआधी पाहिलं. सगळ्यांची नजर जिथं गेली तिथं माझी गेली. तुम्ही ती जिथं नेऊन ठेवली होतीत, बोट धरून, तिथं. किती वेळ ते मी सांगत नाही. वेळ मोजून ती नजर काही लहान होणार नाही. मग मला लुगड्यावरचं ठिगळ दिसलं. कमरेखाली, खाकी. माझ्या शाळेच्या चड्डीचं. मग तिच्या दातातली दोरी दिसली. बाकी बाया शिवल्यांची पिशवी कमरेला बांधतात. माझी आई पिशवीची दोरी दातात धरते. लहानपणी मला वाटायचं, खाडी तिला लगाम घालून राबवते. बाकी तोंड दंडाआड होतं. तोंडाची गरजच नव्हती.

त्या क्षणी मला काय वाटलं हे मी पुष्कळदा शोधलंय. संताप आला नाही. संताप फार नंतर आला, आणि तोसुद्धा स्वतःला बरं वाटावं म्हणून आला असेल. आधी नुसतं गरम झालं, कानांच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत. माझ्या तोंडावर अजून हसू होतं. ते काढायचं कसं तेच कळेना. एकदम काढलं तर विचारतील, काय रे, काय झालं? म्हणून ते तसंच ठेवलं. आणि तेवढ्यात गिल्बर्टनं मला वाचवलं. त्याला आजतागायत माहीत नाही की त्यानं वाचवलं. तो फोटोवर बोट ठेवून म्हणाला, ‘ए, ही कोळीण कशी? बांगड्या बघ ना, उजव्या हातात हायत. डावा मोकळा. कोळणी डावीकडं घालतात. उजव्या हातच्या लग्नात काढून दर्याला देतात ना? काय रे हरेश्वर, सांग ना, तुझ्याच गावचं हाय.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं होतं. आमच्यात लग्न लागलं की नवरीच्या उजव्या हातच्या बांगड्या दर्यात सोडतात; त्यानं घरधन्याला राखावं म्हणून हे त्याला आधीच दिलेलं. फोटोत हात बदलले होते. म्हणजे फोटो उलटा छापला होता. डावं उजवं झालं होतं. मला ते तिथल्या तिथं कळलं, आणि मी म्हणालो, ‘नाय रे. ही कोळीण नाय. मॉडेल असंल कुणीतरी.’

‘बोललो ना मी!’ गिल्बर्ट म्हणाला. ‘साहेबानं सिनेमातली बाई उभी केली असंल चिखलात.’

‘वाकवली असंल,’ धोंडू म्हणाला, आणि पुन्हा हशा, आणि त्यात मी.

साहेब, तुमच्या छापखान्याची एक चूक, आणि तिच्यामागं मी नऊ महिने लपून बसलो. ते कॅलेंडर माझ्या टेबलाच्या वरच टांगलं गेलं, बिल्टीच्या पावत्या अडकवायच्या खिळ्याशेजारी. मी मान वर केली की ती. मान खाली घातली तरी ती आहे हे मानेला कळायचं. पंखा फिरला की कागद फडफडायचा, भिंतीवर आपटायचा. हमाल यायचे, ड्रायव्हर यायचे, सही घेईपर्यंत वर बघत उभे राहायचे. त्यांच्यापैकी एकाला मी विनाकारण झापलं, की पावती चुरगळली. महिन्याच्या पहिल्या तारखेला धोंडू जुना महिना फाडायचा. तारखा जात होत्या आणि ती तशीच वाकलेली होती. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. गिल्बर्टला सांगतो, निदान त्याला. मग वाटायचं, सांगितलं की हे सगळे पुन्हा तिच्याकडे बघतील. आता एक बाई म्हणून बघतात, मग हरेश्वरची आई म्हणून बघतील. कुठलं जास्त वाईट? हा प्रश्न मला खरंच पडला होता असं मी स्वतःला सांगायचो. सोपं होतं ते. खरी गोष्ट अशी की कोळीवाड्यातून उठून टेबल-खुर्चीवर बसलेला मी पहिला. माझ्या शर्टाला मासळीचा वास येतो का ते मी अजून जिना चढताना हुंगून बघतो.

घरी न्यायला प्रत्येकाला एकेक कॅलेंडर मिळालं होतं. माझं मी गुंडाळून कपाटाच्या मागं सारलं. आईनं विचारलं होतं. दर साली ती दाराच्या मागं कोंबड्याचं कॅलेंडर लावते. वाचता येत नाही, पण अमावस्या-पुनवेचे काळे-लाल ठिपके तिला कळतात, त्यावर तिची भरती-ओहोटी चालते. मी बूट काढता काढता म्हणालो, ‘यंदा कंपनीनं काढलंच नाय, आये.’ ती चुलीपाशी बोंबील साफ करत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. त्या ‘बरं’चा आवाज मला आठवतो. त्या वेळी तो मला सोयीचा वाटला होता.

पावसाळ्याच्या आधी कधीतरी सुंदराबाई, आमची शेजारीण, आईच्या बरोबरीनं चिखलात उतरणारी, मला गल्लीत अडवून म्हणाली, ‘हरेसर, तुझ्या आयशीला काय जालंय रं? लुगडं सोडून उतरते चिखलात. नव्या नवरीवानी. आमी हासतो तर बोलते, थंडी वाजते. मे महिन्यात थंडी!’ मी म्हटलं, ‘वय झालं तिचं.’ सुंदराबाई म्हणाली, ‘वय मेलं माझं जालं. ती माझ्याहून ल्हान हाय.’ आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. मी तिथंच उभा. मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. माणसाला कळतं आणि तो ते कपाटामागं सारतो, गुंडाळून. त्या दिवसांत आई रोज चिंब भिजून यायची, कमरेपर्यंत लुगडं चिखलानं जड झालेलं, विहिरीवर ते पिळताना तिचे दंड थरथरायचे. मासळी कमी यायची. बा बोलायचा, ‘हात चालत नाय काय तुझा?’ ती बोलायची, ‘चिखल वाढलाय.’

चिखल वाढला नव्हता. नवरात्राच्या आधीच्या उधाणात ती रुतली. भरती फिरली, बाकीच्या बाया वर निघाल्या, आणि आईचं लुगडं चिखलानं धरलं. एक पाय सुटला की दुसरा अडकायचा. पाणी वर येत होतं. सुंदराबाईनं ओरडून सांगितलं, ‘कमळ, लुगडं खोच! वर खोच गं!’ आणि आई, साहेब, गुडघ्यावर पाणी आलेलं असताना, पलीकडच्या तिवरांच्या झाडीकडे बघत राहिली आणि लुगडं दोन्ही हातांनी खालीच धरून ठेवलं. शेवटी चौघीजणी फळीवरून सरपटत गेल्या, तिला काखेत धरून ओढलं. ती निघाली. लुगडं चिखलातच राहिलं. अंग झाकायला तिनं ते खाली सोडलं होतं आणि त्यापायीच तिला सुंदराबाईच्या अर्ध्या पदरात गुंडाळून, उघडी, अख्ख्या कोळीवाड्यातून घरी आणलं. पुरुषांनी तोंडं फिरवली. बर्फाच्या गाडीवाल्यानं गाडी थांबवून भिंतीकडे तोंड केलं. कुणीही हाळीची वाट पाहिली नाही. सगळ्यांना न बोलता कळलं. मी त्या वेळी ऑफिसात होतो. तिच्याखाली बसून.

निरोप आला तसा मी उठलो. काय करतोय हे मला माहीत होतं असं म्हणवत नाही. खुर्चीवर चढलो, खिळ्यावरून कॅलेंडर ओढलं, वरची पट्टी फाटली. गिल्बर्ट म्हणाला, ‘अरे, काय करतो? ते डिपार्टमेंटचं हाय.’ मी म्हणालो, ‘माझी आई आहे ती.’ इतके महिने दडवलेलं वाक्य, आणि ते बाहेर पडलं तेव्हा फार बारीक आवाजात पडलं, जणू पेन मागतोय. गिल्बर्टनं खाली बघितलं. ‘आयला,’ म्हणाला, ‘मी काय काय बोललो रे.’ मी म्हटलं, ‘तू बोललास. मी हसलो.’

घरी ती चटईवर आडवी होती. गुडघ्याला हळद बांधलेली. ऊन उतरत होतं, दारातून तिरपं आत आलेलं. मी तिच्यासमोर बसलो, हातात गुंडाळी. सगळं पाठ करून आलो होतो आणि त्यातलं काही आठवेना. तिनंच गुंडाळीकडे बघितलं.

‘आणलंस?’ ती म्हणाली. ‘बरं केलंस. पुनवेचं कळत नव्हतं मना.’

‘आये, तुला ठाऊक होतं?’

‘हा कोंबडा मना ठाऊक नाय काय? जवळ्याच्या डब्यावर हाय तो, तूच आणलेलास दिवाळीला.’ मग हळूहळू, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तशी सांगत गेली. अंधेरीच्या कॉलनीत पाटी घेऊन गेली होती. दार उघडं. त्या घरची वहिनी पाटीशी बसलेली, आणि तिच्या डोक्यावर भिंतीला ही. ‘माझ्याच बुडाखाली बसून ती मना बोलते, कोळणी, फार सांगतेस. मी बोलले, घे वैनी, तुला काय द्यायचं ते दे. पयल्यांदा भाव नाय केला मी. मग बर्फाच्या कारखान्यातनी बी लागलं. सुंदरी बोलली, ही कुठली गं टवळी, बांगड्या बग उलट्या. हासली. मी बी हासले.’

‘मला का नाही बोललीस?’

‘तू बोललास काय?’ तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही; तेवढं तरी मिळायला हवं होतं मला. ‘तू बोललास, यंदा काढलंच नाय. मना कळलं, पोराला लाज वाटते. मग मी कशाला बोलू? तुझी नोकरी तिथं.’

बाहेर कुणाची तरी जाळी वाळत होती, त्याचा वास. ती उठून बसली, कण्हत, आणि तिनं कॅलेंडर स्वतः उलगडलं. मांड्यांवर, ठिगळावर तिची नजर थांबली नाही. ती कडेकडेला बघत होती, चिखलाच्या, पाण्याच्या.

‘येक मना सांग,’ ती म्हणाली. ‘तो कुठं उभा व्हता?’

‘कोण?’

‘फोटोवाला. मी उतरले की रोज बघते. माझी उजवी कूस दिसते ह्यात. म्हणजे तो पल्याडच्या तिवरांत असंल. मी त्या झाडीकडं बघून बघून डोळं फोडलं. येक येक झाड बघितलं. पान हाललं तरी वाटतं, आला. म्हणून लुगडं सोडलं. पण झाडीत तर गुडघाभर काटं, तिथं माणूस उभा ऱ्हाईल कसा?’

तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. फोटो उलटा छापलाय हे मला जानेवारीतच माहीत होतं. मी विचारलं, ‘आये, बांगड्यांचं तुला काय वाटलं?’ ती म्हणाली, ‘त्या त्यांनी मागनं रंगवल्या असतील. देवांच्या फोटूला रंगवतात तशा.’ मी कॅलेंडर हातात घेतलं, पालथं केलं आणि दारात उन्हाकडे धरलं. पातळ कागद. उजेड आरपार आला. कोंबडा उलटा फिरला, तारखा मागून वाचाव्या तशा झाल्या, आणि चित्र सुलटं झालं. बांगड्या डाव्या हातात आल्या. उजवा हात मोकळा, दर्याला दिलेला. ती बराच वेळ बघत राहिली. ‘आता मी माझी दिसते,’ म्हणाली. आणि मग तिचा चेहरा बदलला. डावी कूस. डावीकडे काय आहे ते मला सांगावं लागलं नाही.

‘म्हणजे बांधावर,’ ती म्हणाली. ‘आपल्या वाटंवर. हाळीच्या वळणापाशी. मी इतकं दीस झाडीकडं बघत व्हते. म्हणजे ह्याच्याकडं पाठ करून.’

साहेब, तिनं एवढंच म्हटलं आणि पदर, सुंदराबाईच्या उसन्या लुगड्याचा पदर, खांद्यावरून आणखी पुढं ओढला. घरात. माझ्यासमोर. ज्यानं तिला पाहायचं त्यानं पाहून झालं होतं, छापून झालं होतं, अख्ख्या अंधेरीत वाटून झालं होतं, आणि तिनं आता पोटच्या पोरापासून अंग झाकलं. तिला माहीत नाही मी ओळखण्याआधी काय पाहिलं ते. पण त्या पदराला माहीत असल्यासारखा तो पुढं आला. मी खाली बघितलं. खाली शेणानं सारवलेली जमीन, तिच्या बोटांच्या खुणा असलेली.

‘तू त्याला ओळखतोस ना?’ ती म्हणाली. ‘मग इचार त्याला. भांडू नको. फक्त इचार.’

म्हणून मी आज तुमच्या केबिनच्या दाराबाहेर उभा आहे, हातात ते फाटलेलं कॅलेंडर घेऊन. धोंडू म्हणतो, साहेब बिझी आहे, नंतर ये. गिल्बर्ट माझ्या मागं येऊन उभा राहिलाय, त्याला मी बोलावलं नाही. मला माफी नको. ती तुम्ही इंग्रजीत मागाल आणि मला पुन्हा हसावं लागेल. तुम्ही म्हणाल, सार्वजनिक जागा होती. होती. म्हणूनच हाळी असते. घराला दार असतं, त्याला कडी असते, उघड्या जागेला माणसाचा आवाज एवढीच कडी. तुम्ही म्हणाल, चेहरा कुठं दिसतोय? गुडघा सुजल्यामुळं आई चिखलात उतरत नाही, पण उतरेल, आम्हाला उतरावंच लागतं. तिला कुठल्या दिशेला पाठ करायची ते ठरवायचंय. बांधाच्या वळणाअलीकडे होतात की पलीकडे? उभे होतात की बसला होतात? आमचे लोक वळणावरून हाळी देत गेले असतील, खालून त्यांना उत्तर आलं असेल; ते तुम्ही ऐकलंत, कॅमेरा खाली घेतलात आणि ते गेल्यावर पुन्हा वर केलात काय? तसं असेल तर तसं सांगा. मी आत येणार नाही. मी दारावर टकटक केली आहे, मोठ्यानं, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी. आमच्यात उत्तर येईपर्यंत पाय उचलत नाहीत.

सांगा साहेब. कुठं उभे होतात?